फोड गेले, दुखणं राहिलं

फलटणला माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे, त्यामुळे दिवसभर कानावर एकच गोष्ट पडत असते, दुखतंय. कुणाचं ठणकतंय, कुणाला कळ येते, कुणाच्या मांडीपासून पोटरीपर्यंत करंट गेल्यासारखं होतं, आणि प्रत्येकजण बोट ठेवून दाखवतो, इथं बघा मॅडम, बरोबर इथं. मी तिथं हात लावून बघतेच, पण माझं डोकं मात्र आपोआप दुसऱ्याच एका जागेकडे जातं जिथं आजवर एकाही पेशंटने बोट ठेवलेलं नाही. पाठीच्या मणक्यांच्या आत जो मेरुरज्जू असतो ना, साधारण करंगळीएवढा जाड आणि लांबीला ४५ सेंटीमीटरच्या आतबाहेर, त्याच्या आतल्या करड्या भागाचा मागच्या बाजूचा जो कोपरा असतो त्याला डॉर्सल हॉर्न म्हणतात. मानेच्या खाली अंगावर कुठेही दुखलं तरी ती खबर मेंदूकडे जायच्या आधी तिथं थांबते. आणि नुसती थांबून पुढे जात नाही. ती वाढवायची, कमी करायची, की तिथंच संपवायची, यातलं बरंचसं तिथं ठरतं.

कॉलेजात हे सगळं पाठ केलं होतं, परीक्षेत आकृतीसुद्धा काढली होती. पण त्याचं वजन मला कळलं ते आत्याला नागीण झाली तेव्हा. तिच्याबद्दल सांगतेच, पण आधी ही जागा नीट बघू, नाहीतर आत्याचं दुखणं समजणार नाही, जसं ते घरातल्या कुणालाच समजत नव्हतं.

उंबऱ्याला पायाचा अंगठा आपटला की काय होतं ते आठवून बघा. आधी एक झणझणीत, टोकदार कळ येते, लगेच, बरोबर कुठे लागलं ते कळतं, आणि मग क्षणभराने मागून दुसरं दुखणं येतं, जडसर, जळजळीत, पायभर पसरणारं, ज्याच्यामुळे आपण मटकन खाली बसतो. या दोन वेगळ्या वेदना आहेत आणि त्या दोन वेगळ्या तंतूंवरून येतात. पहिली येते ए-डेल्टा नावाच्या तंतूंवरून, त्यांच्यावर मायलिनचं पातळ आवरण असतं, वेग सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर. दुसरी येते सी तंतूंवरून, त्यांना आवरणच नाही, ते अगदी बारीक, आणि वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे आपण चालतो जवळजवळ तेवढाच. अंगठ्यापासून कंबरेपर्यंतचं अंतर मीटरभर धरा. पहिली खबर सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आत पोचते आणि दुसरीला सेकंदभर लागतो. ते जे क्षणभराचं मधलं अंतर असतं, ज्यात आपल्याला माहीत असतं की आता जोरात दुखणार आहे, ते म्हणजे आपल्याच सी तंतूंचा संथपणा.

या तंतूंच्या पेशींची रचना मला अजूनही थक्क करते. पेशीचं शरीर असतं मणक्याच्या शेजारी, डॉर्सल रूट गॅंग्लिऑन नावाच्या छोट्याशा गाठीत. तिथून एक फांदी निघते ती थेट पायाच्या अंगठ्याच्या कातडीपर्यंत जाते, आणि दुसरी आत मेरुरज्जूत. एकच पेशी, डोळ्याला न दिसणारी, आणि लांबी मीटरपेक्षा जास्त! अशा गाठी मणक्यांच्या दोन्ही बाजूंना ओळीने असतात, मेरुरज्जूतून नसांच्या ३१ जोड्या निघतात त्यांच्याबरोबर. ही गाठ लक्षात ठेवा, आत्याच्या गोष्टीतला शत्रू तिथंच लपून बसलेला होता.

खबर मेरुरज्जूत पोचली की सगळ्यात आधी जे घडतं त्याला मेंदू लागतच नाही. पायाखाली काटा आला की पाय वर उचलला जातो, हा निर्णय मेरुरज्जूचा स्वतःचा. आणि नुसता पाय उचलून भागत नाही, कारण एक पाय उचलला तर माणूस पडेल ना, म्हणून त्याच क्षणी दुसऱ्या पायाचे स्नायू घट्ट करून त्यावर अंगाचं वजन घ्यायचा हुकूमही तिथूनच सुटतो. हे सगळं झालं की मग मेंदूला कळतं की काटा लागला.

वर जाणारी खबर आधी रस्ता ओलांडते. वेदना आणि उष्ण-थंड यांचे संदेश मेरुरज्जूत शिरल्यावर एक-दोन पायऱ्यांच्या आतच पलीकडच्या बाजूला जातात आणि मग वर मेंदूच्या आतल्या थॅलॅमस नावाच्या भागाकडे निघतात. हलका स्पर्श आणि सांध्यांची जाणीव मात्र त्याच बाजूने वर जाते आणि पार मेंदूच्या बुंध्याशी बाजू बदलते. ब्राउन-सेकार्ड नावाच्या मॉरिशसमध्ये जन्मलेल्या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हे दाखवून दिलं, मेरुरज्जू अर्धाच कापला गेला तर काय होतं ते बघून. इंटर्नशिपला असताना असा एक पेशंट आमच्या वॉर्डात होता. पाठीत मार लागून मेरुरज्जूची एकच बाजू दुखावलेली. उजवा पाय हलत नव्हता, डावा छान हलायचा, त्यामुळे घरच्यांचं सगळं लक्ष उजव्यावर. आणि डाव्या पोटरीवर एके दिवशी मोठा फोड दिसला, रात्री गरम पाण्याची पिशवी तिथं तशीच राहिली होती आणि त्याला काहीही कळलं नव्हतं. पाय धडधाकट, स्पर्श कळतोय, ताकद आहे, फक्त भाजणं आणि दुखणं कळत नाही. त्या दिवसापासून शेक द्यायच्या आधी मी प्रत्येक पेशंटची गरम-थंडाची जाणीव तपासते, कितीही गर्दी असली तरी.

आता मुख्य जागा. १६६४ साली देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचं एक पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर छापून आलं, त्यात एक चित्र आहे, विस्तवाजवळ पाय असलेला मुलगा, आणि त्याच्या पायापासून डोक्यापर्यंत गेलेली एक दोरी. खाली दोरी ओढली की वर घंटा वाजते, असं ते गणित. आजही बहुतेकांच्या डोक्यात वेदनेचं हेच चित्र असतं, आपल्या अनेक डॉक्टरांच्याही, फक्त दोरीच्या जागी वायर आली. खाली इजा तेवढी वर वेदना, इजा नाही तर वेदना नाही. आणि इजा दिसत नसताना माणूस दुखतंय म्हणाला तर तो खोटं बोलतोय किंवा मनाचे खेळ आहेत. माझ्या मते वेदनेबद्दलच्या गैरसमजांमधला हा सगळ्यात क्रूर गैरसमज आहे, आणि डॉर्सल हॉर्न आतून बघितलं तर तो टिकत नाही.

१९५२ साली ब्रोर रेक्सेद या स्वीडिश शास्त्रज्ञाने मांजराच्या मेरुरज्जूचे काप मायक्रोस्कोपखाली बघून त्यातल्या करड्या भागाचे दहा थर पाडले. वेदनेचे तंतू मुख्यतः पहिल्या दोन थरांत येऊन थांबतात, काही पाचव्यात. तिथं ते ग्लुटामेट नावाचं रसायन सोडतात, जोराची वेदना असेल तर त्याबरोबर सबस्टन्स पी सारखी पेप्टाइडंही. पुढची पेशी ते झेलते. इथपर्यंत वायरचं चित्र चालून जाईल. पण या थरांतल्या पेशी मोजायला गेलं की गंमत कळते, इथल्या बहुसंख्य पेशींचे धागे मेंदूपर्यंत जातच नाहीत. त्या तिथल्या तिथंच एकमेकींशी बोलतात. बऱ्याच पुढच्या पेशीला चेतवतात आणि काही गप्प करतात, गाबा आणि ग्लायसिन ही दोन रसायनं वापरून. नुसती खबर वर पोचवायची असती तर एवढ्या पेशी तिथं कशाला लागल्या असत्या?

रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल, एक कॅनडाचा मानसशास्त्रज्ञ आणि एक इंग्लंडचा न्यूरोसायंटिस्ट, या दोघांनी १९६५ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये गेट कंट्रोल थिअरी मांडली. म्हणणं असं की डॉर्सल हॉर्नमध्ये एक गेट आहे, बारीक तंतूंची वेदना ते उघडते, आणि स्पर्शाचे जे जाड, वेगवान तंतू असतात ते तिथल्या गप्प करणाऱ्या पेशींना जागं करून ते गेट ओढून घेतात. त्यांनी काढलेलं सर्किट जसंच्या तसं बरोबर ठरलं नाही, पुढच्या संशोधनात त्यातल्या जोडण्या बदलल्या, पण मूळ विचार टिकला, तो म्हणजे मेरुरज्जूत निवड होते. पोर पडलं की आई आधी तिथं चोळते आणि फुंकर घालते, ते रडं थांबतं त्यात लाडाचा भाग आहेच, पण जाड तंतूंचाही आहे. आणि माझ्या क्लिनिकमधली टेन्स मशीन, जिला सगळे करंटची मशीन म्हणतात, ती याच विचारातून पुढे आली. कातडीवर दोन-चार पॅड चिकटवायचे, सेकंदाला ८०-१०० ठोके, पेशंटला नुसत्या मुंग्या येतात आणि दुखणं मागे सरतं. बऱ्याच जणांना मशीन चालू असेपर्यंतच आराम पडतो आणि नंतर थोडा वेळ, हे मी आधीच सांगून टाकते. पण तेवढ्या वेळात त्यांच्याकडून गुडघा वाकवून घेता येतो, खांदा फिरवून घेता येतो, आणि माझ्यासाठी त्याची किंमत मोठी आहे. नुसता करंट घेऊन घरी जाणाऱ्याला मी थांबवते, व्यायाम करूनच जा.

याच थरांत आणखी एक गोष्ट होते जी प्रत्येकाला माहीत असायला हवी. हृदयाकडून येणारे वेदनेचे तंतू आणि डाव्या हाताच्या आतल्या बाजूकडून, छातीकडून येणारे तंतू मेरुरज्जूच्या त्याच भागात, कित्येकदा त्याच पेशींवर येऊन पडतात. वर मेंदूला खबर एकच मिळते आणि मेंदू आयुष्यभर त्या पेशींकडून हाताच्याच खबरा ऐकत आलेला असतो, म्हणून हार्ट अटॅकमध्ये हात दुखतो. डावा खांदा आखडलाय, जरा शेक द्या म्हणून कुणी आलं आणि खांदा सगळीकडे मोकळा फिरतोय, दाबून कुठेच दुखत नाहीये, पण जिना चढला की दुखतो, तर मी शेक देत नाही. ताबडतोब ईसीजीला पाठवते.

गेटवर वरून मेंदूचाही हात असतो. हे मला कुणी पुस्तकातून समजावलं असतं तर पटलं नसतं एवढं वारीत पटलं. माउलींची पालखी लोणंदला येते तेव्हा आम्ही काही जण तिथं सेवेला जातो, पाय तपासायला, मलमपट्टी करायला. तळव्याला एवढाले फोड, टाचेची कातडी सोलून निघालेली, एखाद्या आजींच्या घोट्याला लिंबाएवढी सूज, आणि त्या रांगेत उभ्या राहून शेजारणीबरोबर अभंग म्हणतायत. दुखतंय का आजी विचारलं तर म्हणतात, दुखतंय की, पण त्याचं काय एवढं. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने इटलीत अँझिओच्या आघाडीवर गंभीर जखमी सैनिकांना विचारलं होतं, वेदनेवर औषध हवंय का, आणि चारातल्या तिघांनी नको म्हटलं. १९४६ मध्ये त्याने ते छापलं. हे कसं होत असेल याचा माग पुढे लागला. १९६९ मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्सने उंदरांच्या मेंदूच्या बुंध्यातल्या एका छोट्या भागाला, पेरिॲक्विडक्टल ग्रे म्हणतात त्याला, विजेने चेतवलं आणि भूल न देता पोटाचं ऑपरेशन केलं, उंदीर तडफडले नाहीत. तिथून निघणारी आज्ञा खाली उतरत डॉर्सल हॉर्नपर्यंत येते आणि तिथं सेरोटोनिन, नॉरॲड्रेनलिन सोडते, तिथल्या पेशींनाही स्वतःचं अफूसारखं रसायन सोडायला लावते. ते रसायन, एन्केफलिन, १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबरडीनमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी शोधलं. म्हणजे वरून मेंदू खाली मेरुरज्जूला सांगू शकतो, हे आता वर पाठवू नकोस. उलटंही सांगू शकतो, आणि ते जास्त वाईट. भीती, झोप न होणं, आपल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही ही घुसमट, यांनी तेच मार्ग गेट सताड उघडं ठेवू शकतात.

आता आत्या.

आत्या सत्तरीच्या पुढची, गाव फलटणपासून लांब नाही, आयुष्यभर शेतात राबलेली बाई, बाळंतपणात आवाज न काढलेली म्हणून घराण्यात ख्याती. तिच्या उजव्या बाजूला पाठीपासून निघून छातीखाली येणारा पट्टा आधी नुसताच दुखायला लागला, दोन-तीन दिवसांनी त्यावर पाण्याने भरलेल्या फोडांचे घोस आले. नागीण. गावात जे होतं ते सगळं झालं, गेरूचा लेप लावून झाला, कुणीतरी उतरवून गेलं, आणि शेजारणींनी येऊन तीच भीती घातली, नागिणीचं तोंड आणि शेपटी एकमेकीला मिळाली की माणूस वाचत नाही. आत्या रोज सकाळी आरशात बघायची, कुठवर आलीय.

मी तिला समजावलं ते असं. आत्या, तुला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या ना, तो व्हायरस तेव्हा गेलाच नाही. मणक्याशेजारच्या गाठी असतात, नसांच्या, त्यात तो साठ-पासष्ट वर्षं गप्प बसून होता. वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली, तसा एका गाठीतला जागा झाला आणि त्या गाठीची जेवढी नस, तेवढ्याच नसेवरून कातडीवर आला. उजव्या गाठीची नस उजव्या बाजूलाच असते, ती पाठीच्या कण्यापासून निघते आणि पुढे छातीच्या मधोमध संपते. त्यामुळे तो पट्टा मधली रेघ ओलांडून तुझ्या अंगाभोवती फिरणार नाही. क्वचित एखाद्याच्या दोन्हीकडे येतोही, पण त्याने कुणी वेढा पडून मरत नाही. १९०० साली हेन्री हेड आणि कॅम्पबेल यांनी इंग्लंडात नागिणीच्या शेकडो पेशंटच्या अंगावरचे पट्टे काढून आणि काही मृतांच्या गाठी तपासून माणसाच्या कातडीचा नकाशा बनवला, कुठला पट्टा कुठल्या नसेचा ते. आम्ही आज स्लिपडिस्कच्या पेशंटची नस कुठली दबलीय ते ज्या नकाशावरून ओळखतो त्याची सुरुवात या पट्ट्यांतून झाली आहे. आत्याचा पट्टा टी ५-टी ६ चा, म्हणजे छातीच्या पाचव्या-सहाव्या नसेचा होता. तिला नकाशा मोबाइलवर दाखवला, तिने बराच वेळ बघितला आणि म्हणाली, म्हंजी ही हितंच थांबणार. थांबली.

फोड सुकले, खपल्या पडल्या, महिन्याभरात कातडीवर फिकट डाग तेवढे राहिले. आणि दुखणं वाढलं.

हे मी जवळून बघितलंय म्हणून तपशिलात सांगते. ती ब्लाउज घालू शकत नव्हती. माझ्या आत्तेभावाचा जुना, धुवून धुवून विरलेला बनियन ती उलटा घालायची, शिवण बाहेरच्या बाजूला येईल असा, कारण शिवणीची रेघ त्या पट्ट्यावरून सरकली तर ती कळवळायची. पदर डाव्या खांद्यावरून यायचा तो पाठीवर घट्ट खोचून ठेवायची. पंख्याखाली झोपत नव्हती, मे महिन्यात, कारण वाऱ्याने बनियन थरथरायचा. आगीतनं काढल्यावानी होतंय गं, एवढंच म्हणायची. आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे तोच पट्टा तळहाताने जोरात दाबून धरला तर तिला बरं वाटायचं. वहिनी एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, ताई, कापूस लागला तर ओरडतात आणि दाबलं तर चालतं, असं कुठलं दुखणं असतं? तिचा स्वभाव वाईट नाही हो, दोन महिने रात्ररात्र जागून ती थकली होती. ज्यांच्याकडे दाखवलं होतं तिथं जखम भरलीय, आता मनातनं काढून टाका असं सांगितलं गेलं. त्यानंतर आत्याने सांगणंच बंद केलं, मला ते फार लागलं.

वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर डॉर्सल हॉर्नमध्ये आहे. व्हायरसने गाठीतल्या पेशी मारल्या, नस जखमी केली, आणि कातडी भरून आली तरी जखमी तंतू आपोआप, काहीही लागलेलं नसताना, खबरा पाठवत राहिले. सी तंतूंकडून अशी खबर पुन्हा पुन्हा, सेकंद-दोन सेकंदाला येत राहिली की मेरुरज्जूतली पुढची पेशी दर वेळी आधीपेक्षा मोठा प्रतिसाद देते, हे लोर्न मेंडेलने १९६६ मध्ये दाखवलं, त्याला वाइंड-अप म्हणतात. त्या पेशीवर एनएमडीए नावाचे रिसेप्टर, म्हणजे ग्लुटामेट झेलणारी दारं, असतात, एरवी त्यांच्या तोंडाशी मॅग्नेशियमचा अणू अडकलेला असतो, मारा सतत राहिला की तो निघतो, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशीचा स्वभाव बदलतो. मग ती थोडक्यात पेटते आणि उशिरा विझते. १९८३ मध्ये क्लिफर्ड वूल्फने पायाला जखम केलेल्या उंदरांवर दाखवलं की जखमेनंतर वेदना वाढते त्यातला एक भाग मेरुरज्जूतूनच येत असतो, जखमेतून नाही. आणि त्यात भर म्हणजे गप्प करणाऱ्या पेशी दुबळ्या होतात. मग ज्या जाड तंतूंचं काम स्पर्श सांगण्याचं, जे एरवी गेट ओढून घ्यायचे, त्यांचीच खबर वेदनेच्या वाटेवर शिरते. बनियनची शिवण, पंख्याचा वारा, कापूस. हलक्या, हलत्या स्पर्शाने आग होते, आणि स्थिर दाब पुष्कळांना सोसतो, म्हणून ती बाई तळहाताने दाबून बसते. हे सगळं अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे होतं! नागिणीनंतर असं दुखणं मागे राहिलेल्या काही पेशंटच्या मेरुरज्जूची मृत्यूनंतर तपासणी झाली तेव्हा त्या बाजूचं डॉर्सल हॉर्न सुकून आक्रसलेलं सापडलं. मनातनं काढून टाका म्हणणाऱ्यांनी ते बघावं.

याला पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात, आणि मी आत्याला साताऱ्यात एका न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं, त्यांनी पाच मिनिटांत ओळखलं, एक कापसाचा बोळा फिरवून. आत्याने पहिल्यांदा कुणासमोर तरी रडून घेतलं.

पण औषधावरून घरात नवीनच गोंधळ झाला. रात्रीची एक छोटी गोळी दिली होती, ॲमिट्रिप्टिलिन, आणि आत्तेभावाने मोबाइलवर बघितलं तर डिप्रेशनची गोळी. म्हणजे डॉक्टरसुद्धा मनाचंच दुखणं म्हणतायत, आईला वेडाची गोळी चालू केली. आत्याने गोळी थुंकून टाकली. मी दुसऱ्या दिवशी क्लिनिक बंद ठेवून गेले आणि वर वारीबद्दल जे लिहिलंय ना, तेच त्यांना सांगितलं. मेंदूकडून खाली येणारे जे मार्ग डॉर्सल हॉर्नमध्ये नॉरॲड्रेनलिन सोडून वेदना दाबतात, ते नॉरॲड्रेनलिन तिथं जास्त वेळ टिकावं म्हणून ही गोळी. डिप्रेशनला देतात त्यापेक्षा मात्रा बरीच कमी असते आणि मन उदास नसलेल्यांनाही ती वेदनेवर लागू पडते. दुसरी गोळी होती प्रीगॅबालिनची, ती डॉर्सल हॉर्नमध्ये येणाऱ्या तंतूंच्या टोकाशी कॅल्शियमच्या एका वाटेला चिकटते आणि ग्लुटामेटचं सांडणं कमी करते. दोन्ही गोळ्यांचं काम मेरुरज्जूत, पाठीवर नव्हे. दादाने शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं, म्हणजे आईचं खरंच दुखतंय? मी म्हटलं हो. तो उठून आत गेला.

गोळ्यांनी पहिल्या आठवड्यात गुंगी आली, तोंड कोरडं पडलं, एकदा भेलकांडली पण वहिनीने धरलं. म्हाताऱ्या माणसाला या गोळ्या हळूहळूच वाढवाव्या लागतात, त्याला पर्याय नाही. माझ्या हातात होतं ते मी केलं, पट्ट्याच्या वर आणि खाली, जिथं स्पर्श सोसतो तिथून सुरुवात करून, आधी मऊ सुती कापड, मग टर्किश टॉवेल, रोज थोडा वेळ तिच्याच हाताने फिरवायचं, म्हणजे मेरुरज्जूला स्पर्शाची सवय परत लागते का बघायचं. मशीन लावली ती पट्ट्याच्या शेजारी, पट्ट्यावर नाही. किती फरक गोळ्यांनी पडला, किती कापडाने, आणि किती घरच्यांनी विश्वास ठेवल्याने, हे मी वेगळं करून सांगू शकत नाही. दिवाळीपर्यंत तिने ब्लाउज घातला, सैल शिवून, आतून मलमलचं अस्तर लावून. दुखणं अजून आहे. पावसाळी हवेत वाढतं असं ती म्हणते. पण पंख्याखाली झोपते.

आमच्याकडे अशा घरांची कमी नाही. कातडी बरी दिसते, रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि घरातली म्हातारी बाई दुखतंय दुखतंय म्हणून सगळ्यांना नकोशी होते. एमआरआयमध्ये डॉर्सल हॉर्नमधलं हे गेट उघडं आहे की बंद ते दिसत नाही. उलट ज्यांना काहीच दुखत नाही अशा माणसांचे एमआरआय काढले तर विशीतल्यांपैकी ३७ टक्क्यांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या दिसतात आणि ऐंशीतल्यांच्या ९६ टक्के, म्हणजे फोटोत दिसणारं आणि दुखणारं यांचा मेळ दोन्हीकडून सुटतो. म्हणून पेशंटने सांगितलेलं हाच माझ्यासाठी पहिला पुरावा.

कामाचं तेवढं सांगते. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्याने दुखायला लागलं आणि त्यावर पुरळ दिसलं तर ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठायचे, ॲसायक्लोव्हिर किंवा त्याच्या जातीची गोळी तेवढ्यात सुरू झाली तर फोड लवकर सुकतात आणि त्या वेळची वेदना कमी होते. नंतरचं दुखणं त्याने टळेलच असं नाही. कपाळावर, डोळ्याजवळ, नाकाच्या शेंड्यावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आणि पन्नाशीपुढच्यांसाठी नागिणीची लस २०२३ पासून आपल्याकडे मिळते, दोन डोस, महाग आहे, पण नागीण आणि तिच्यामागून येणारं हे दुखणं, दोन्हीचा धोका ती बराच कमी करते.

गेल्या पावसाळ्यात आत्याच्या धाकट्या जावेला कंबरेला पुरळ आलं. मला कळलं ते दोन दिवसांनी, तोवर आत्यानेच फोन करून तिला हाकललं होतं, गेरू लावायचा तर मागनं लाव, आदी डॉक्टरकडं जा, आजच्या आज. ती गेली, गोळ्या वेळेत सुरू झाल्या. आत्या दोन दिवसाआड तिला फोन करून विचारते, कापड लागतंय का गं अंगाला, आणि तिचं उत्तर येईपर्यंत गप्प राहून ऐकते. दादा बावन्न वर्षांचा आहे, त्याने लस अजून घेतलेली नाही, सोयाबीनचे पैसे आले की घेतो म्हणालाय, आणि मी आणि वहिनी दोघी त्याच्या मागे लागलोय.